अर्जाआधीचे काम



साहित्याच्या व्यासपीठावर पैशाचा विषय निघाला की आपण जरा संकोचतो. अनुदान मागणे म्हणजे कुणाच्या तरी दारात उभे राहणे, अशी भावना मनात असते. म्हणून अर्ज कुणीतरी एकटा, मुदतीच्या आदल्या रात्री, मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून भरतो. मराठी संस्थांच्या या परिषदेने हा विषय उघडपणे पटलावर घेतला याचा मला मनापासून आनंद आहे. तो हैदराबादेत घेतला, याला तर खास अर्थ आहे.

1931 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. अध्यक्ष होते श्रीधर व्यंकटेश केतकर. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासारखे अवाढव्य काम त्यांनी कंपनी काढून, भागधारक आणि वर्गणीदार जमवून तडीस नेले होते. कोश छापून हाती पडण्याआधी लोकांनी त्यासाठी पैसे मोजले. त्यानंतर वर्षभरातच, 1932 साली, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची मागणी इथल्या दरबारात आली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी आणि संस्थेच्या अतिथिगृहासाठी मदत हवी होती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून आवृत्तीसाठी दरसाल 1,000 रुपये, असे 11 वर्षे, आणि अतिथिगृहासाठी 50,000 रुपये मंजूर केले. पुण्यात ते निजाम अतिथिगृह आजही आहे.

एका मुस्लिम राजाने महाभारताला मदत केली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. पण आज मला त्या मागणीच्या पाठीमागे काय उभे होते, ते पाहायचे आहे. प्रकल्प 1919 मध्ये सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सचित्र आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले होते. एवढे पाठबळ असतानाही संस्थेने एकदम मोठ्या खंडांना हात घातला नाही. ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची एक कच्ची आवृत्ती तयार केली. ती 1923 मध्ये छापून विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवली. पाठ कसे निवडायचे, तळटीपांत काय द्यायचे, पोथ्यांचे गट कसे पाडायचे, हे सगळे कागदावर मांडून लोकांसमोर ठेवले आणि टीका मागवली. पुढे 1925 मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. 1927 पासून आदिपर्व भागाभागाने बाहेर पडू लागले आणि 1933 मध्ये पुरे झाले. म्हणजे हैदराबादेकडे मागणी आली तेव्हा संस्थेच्या हातात छापलेले काम होते. देणाऱ्याला नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता.

मला आज सांगायचे आहे ते एवढेच: अर्ज लिहायला बसण्याआधी कामाचा एक तुकडा तयार असला पाहिजे. लहान असेल, अपुरा असेल, चालेल. पण तो दाखवता आला पाहिजे.

अर्ज लिहिणे आणि आलेले अर्ज वाचणे, ही दोन्ही कामे मी अनेक वर्षे केली आहेत. वाचताना जे वाक्य सर्वांत जास्त भेटते ते असे: 'आमच्या ग्रंथालयात अनेक दुर्मिळ व मौल्यवान ग्रंथ असून ते जीर्णावस्थेत आहेत, तरी भरीव आर्थिक साहाय्य मिळावे.' या वाक्यात खोटे काहीच नाही. पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. कपाट उघडा. नियतकालिकांच्या बांधीव फायली बाहेर काढा. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहेत, मधले कोणते अंक नाहीत, कोणत्या फायलीची पाने बोट लावताच तुटतात, कोणत्या फक्त बाइंडिंगला सुटल्या आहेत, याची दोन पानी यादी करा. त्यातली एक फाइल स्वतः स्कॅन करून पाहा. शंभर पानांना किती वेळ लागला, पान न दाबता ते सपाट कसे ठेवले, स्कॅन झाल्यावर लेखांची सूची करायला किती तास गेले, हे वहीत टिपून ठेवा. मग अर्थसंकल्पाचा रकाना भरताना आकडा हवेतून आणावा लागत नाही. आणि 'दुर्मिळ' हे विशेषण न वापरताही वाचणाऱ्याला त्या संग्रहाची किंमत कळते. मराठी गद्याची कसोटी लागावी असे हे लेखन आहे. कथा-कादंबरीवर घेतो तितकीच मेहनत त्यावर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आता पुन्हा त्या दोन रकमांकडे वळू. इमारतीसाठी एकदम 50,000 आणि ग्रंथाच्या कामासाठी वर्षाला 1,000. नव्वद वर्षांनंतरही देणाऱ्यांचा कल फारसा बदललेला नाही. सभागृहाला, संगणकाला, कपाटांना पैसा मिळतो. सूची करणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. अतिथिगृहाचे मोल मी कमी लेखत नाही. दूरवरून येणाऱ्या अभ्यासकांची सोय त्याने झाली. पण मला त्या 1,000 रुपयांचे अधिक अप्रूप वाटते, कारण ते 11 वर्षांसाठी होते. पुढच्या वर्षी पैसे येणार हे माहीत असले की माणूस नेमता येतो, शिकवता येतो, टिकवता येतो. महाभारताचे काम 1966 पर्यंत, म्हणजे 47 वर्षे चालले. जवळजवळ 1,260 पोथ्या त्यासाठी पाहिल्या गेल्या. सुखठणकर 1943 मध्ये गेले, पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. एकेका वर्षाच्या, मार्चअखेर खर्च करून टाकायच्या अनुदानावर असे काम उभे राहिले नसते.

म्हणून या व्यासपीठावरून महाराष्ट्र शासनाला आणि इथल्या राज्य शासनालाही माझी आग्रहाची विनंती आहे. भाषेच्या कामाला किमान तीन वर्षांचे अनुदान द्या, पहिला हप्ता वर्षाच्या सुरुवातीला द्या आणि माणसांच्या मानधनाला पात्र खर्च माना. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले आणि इथला मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य झाला. अभिजात दर्जाचा लाभ महाराष्ट्राच्या सीमेवर थांबला, तर विवेकवर्धिनीसारख्या शतकाहून जुन्या शिक्षणसंस्थेच्या शहरावर तो अन्याय ठरेल.

अर्ज घेऊन जायची दारे कोणती, हे थोडक्यात सांगतो. तपशील दुपारच्या सत्रात येतील. ग्रंथालयांसाठी कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून आहे. कलाक्षेत्रातील संशोधनासाठी बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आहे, आणि तिथे भारतीय भाषांतून प्रस्ताव पाठवता येतो. न्यू इंडिया फाउंडेशनच्या अनुवाद पाठ्यवृत्तीत मराठीचा समावेश आहे. धोक्यात आलेल्या दप्तरांसाठी ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम 2004 पासून चालतो. कंपनी कायद्याच्या 2013 च्या तरतुदीनुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालये आणि वारसा जतन ही दोन्ही आहेत. औषधनिर्मिती आणि संगणक उद्योगाने भरलेल्या या शहरातल्या किती मराठी संस्थांनी या तरतुदीखाली एखाद्या कंपनीचे दार ठोठावले आहे?

मात्र कागद तयार हवेत. प्राप्तिकर सवलतीची नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-1 नोंदणी, परदेशी पैसा घ्यायचा तर विदेशी अंशदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि त्यासाठी दिल्लीच्या स्टेट बँकेतले ठरवून दिलेले खाते. एफसीआरएची वाट अवघड आहे. लहान संस्थेने तिथून सुरुवात करू नये. त्यापेक्षा तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद एका फायलीत आधी लावावेत. शासकीय अनुदान घेतले की उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलेच पाहिजे. पुढचा हप्ता अडतो तो बहुतेक वेळा याच एका कागदापायी. ज्या चिटणिसाने पावत्या जपल्या त्याचे नाव वार्षिक अहवालात संपादकाच्या नावाशेजारी यावे, असे मला वाटते. तो मान त्याचा आहे.

आणि कधी कधी नाही म्हणावे लागते. देणाऱ्याच्या विषयात बसावे म्हणून आपल्या संग्रहाचे रूप बदलायला लावणारा पैसा घेऊ नये. मागे माझ्या माहितीतल्या एका मंडळाला तीन दिवसांच्या महोत्सवासाठी मोठी रक्कम मिळत होती. त्यांना हवी होती ती हस्तलिखितांची सूची. त्यांनी महोत्सव नाकारला, सभासदांकडून वर्गणी काढून सूचीचा पहिला भाग केला आणि तोच भाग जोडून दुसरीकडे अर्ज केला. तिथे पैसे मिळाले. केतकरांची वाट आणि भांडारकर संस्थेची वाट अशा एकमेकींना जोडता येतात. आधी आपल्या माणसांची वर्गणी, त्यातून कामाचा नमुना, मग सरकार आणि प्रतिष्ठाने.

या परिषदेने आज एक निर्णय घ्यावा, असे मी सुचवतो. हैदराबादेत एक सामायिक अर्ज-कक्ष सुरू करावा. एक लेखापाल, एक चांगले लिहिणारा माणूस आणि मुदतींचे एक कॅलेंडर एवढ्यावर तो चालू शकतो. खर्च सर्व संस्थांनी वाटून घ्यावा. मंजूर झालेले अर्ज तिथे ठेवावेत आणि नामंजूर झालेले त्याहून काळजीपूर्वक ठेवावेत, सोबत कारणाचे पत्र लावून, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. माझ्या संग्रहातले दोन्ही प्रकारचे अर्ज मी आज संयोजकांच्या स्वाधीन करतो आहे. दुपारी अडीच वाजता मसुदालेखनाचे सत्र आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या कपाटातली कोणतीही एकच वस्तू निवडून तिच्याविषयी एक पान लिहून आणावे. मी शेवटपर्यंत बसून ती सगळी पाने वाचणार आहे.