सापळ्यातले पतंग मोजताना



आज पदवी घेणाऱ्यांतल्या संगणकशास्त्रवाल्यांशी मी जरा जास्त बोलणार आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

संगणकशास्त्रात पुढे शिकायचं म्हटलं की अनेक ठिकाणी अर्जासोबत एक पान लिहून द्यावं लागतं: तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे? अशी पानं मी बरीच वर्षं वाचत आले आहे. लहानपणापासूनची आवड, तंत्रज्ञानाचं युग, देशाची सेवा... बहुतेक पानांवर हेच. मुलं खोटं लिहीत नाहीत. पण पान वाचून मुलगी सेलूची आहे की सिंगापूरची, काही पत्ता लागत नाही. मग मुलाखतीत कोणता प्रश्न सोडवायचा आहे असं विचारलं, की समोर शांतता.

आता सेलूचाच एक प्रश्न घेऊ. परभणी जिल्ह्यातलं हे आपलं गाव म्हणजे कापसाची बाजारपेठ. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कापसाचं काय केलं, ते तुमच्यातल्या अनेकांनी घरच्या शेतात पाहिलंय. ही अळी बोंडात शिरली की वरून काही दिसत नाही. अळीमुळे न उमललेली कळी, म्हणजे डोमकळी, ओळखता आली तर ठीक, नाहीतर बोंड फुटल्यावर किडलेली सरकी हाती येते. म्हणून अळीच्या आधी तिचे पतंग मोजायचे. शेतात मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळा लावायचा आणि रोज त्यातले नर पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ आली असं समजायचं. नियम किती सोपा! पण भर हंगामात, वेचणीला माणूस मिळत नसताना, रोज सापळा उघडून पतंग मोजणार कोण? शिवाय त्यातला बोंडअळीचा कोणता आणि भलताच कोणता, हेही ओळखायला हवं.

2018 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वाधवानी एआय या संस्थेतल्या संशोधकांनी हाच प्रश्न हातात घेतला. सापळा कागदावर रिकामा करायचा, मोबाइलने फोटो काढायचा. पतंग संगणक मोजेल आणि फवारायचं की थांबायचं ते सांगेल. 2020 मध्ये केडीडी या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हे काम मांडलं. ऐकायला एका ओळीचं वाटतं. प्रत्यक्षात शेतात रेंज नसते, म्हणून मोजणारं मॉडेल आक्रसून साध्या फोनमध्ये बसवावं लागतं. फोटो हललेला असतो, पतंग एकमेकांवर पडलेले असतात. कुणी सापळ्याऐवजी भलताच फोटो पाठवतो, तर त्यात पतंग नाहीतच हेही यंत्राला कळायला हवं. इथे नुसतं कोडिंग पुरत नाही. मॉडेल लहान केलं की त्याची अचूकता किती घसरते? आठाच्या जागी सात मोजले गेले आणि फवारणी राहिली, तर ते नुकसान हिशेबात कसं धरायचं? याची तयार उत्तरं तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नसतात, कारण ती अजून पूर्ण सापडलेली नाहीत. पुढे शिकायचं ते यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

कापूस सोडा, बोलण्याचं घ्या. घरी आजीशी बोलता तसं, 'काय करायलीस गं', फोनला म्हणून पाहा आणि तो काय लिहितो ते बघा. आपल्या भागातलं बोलणं यंत्राला नीट उमजायचं, तर ते आधी कुणीतरी गोळा करून, त्याच्या नोंदी करून यंत्राला शिकवावं लागेल. हे काम परभणी जिल्ह्यातल्या मुलांइतकं चांगलं कोण करेल?

प्रश्न गावाचाच असला पाहिजे असंही नाही. नरेंद्र करमरकर हे आपले मराठी गणिती. 1978 मध्ये आयआयटी मुंबईतून बी.टेक. झाले, 1983 मध्ये बर्कलेहून पीएच.डी. मर्यादित साधनांची सर्वांत फायदेशीर वाटणी काढायला डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत 1947 पासून वापरात होती आणि उद्योगांचं काम तिच्यावर छान चाललं होतं. पण काही उदाहरणांत ती अफाट वेळ घेते, हे 1972 मध्ये क्ली आणि मिंटी यांनी सिद्ध केलं. 1979 मध्ये खाचियान यांची नवी पद्धत आली. कागदावर भक्कम, पण व्यवहारात संथ. 1984 मध्ये करमरकरांनी बेल लॅब्जमध्ये असताना कागदावरही टिकणारी आणि व्यवहारातही चालणारी पद्धत दिली. चालतंय ते चालू दे, असं ते म्हणाले नाहीत.

पालकहो, तुमच्या मनातलं मला कळतं. पोरगं रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईकडे जाईल, नोकरीला लागेल, घराला हातभार लावेल; आता आणखी शिक्षण कशाला? ही काळजी रास्त आहे. ज्या घराला आज पगाराची गरज आहे, त्या घरच्या मुलाने आज नोकरी धरावी आणि त्यात त्याने जराही कमीपणा मानू नये. पण पुढच्या शिक्षणाचा सगळा भार घरावरच पडतो असं नाही. नांदेडला आपल्याच विद्यापीठात संगणकशास्त्राचं संकुल आहे. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर संशोधन करताना सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये मिळतात. जानेवारी 2023 पासून हा दर लागू आहे. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. मुलींच्या आईवडिलांना माझी वेगळी विनंती आहे: दोन वर्षं द्या तिला. स्थळं थांबतील.

आणि मुलांनो, ते एक पान लिहायला बसाल तेव्हा आधी मराठीत लिहा. प्रश्न कुठे दिसला त्या जागेचं नाव घाला: शेत, जिनिंग, दवाखाना, एखादं गणिताचं पुस्तक. तो सोडवायला काय करून पाहिलं आणि कुठे अडलं, तेही लिहा. इंग्रजी करायला तुमचे सर-मॅडम आहेत. कच्चं पान मलाही पाठवा, मी वाचून उत्तर देईन.