फोटोखालचे नाव
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



मला आज बोलण्यासाठी 'विद्यार्थी आणि कलास्वाद' असा विषय देण्यात आला आहे. विषय मोठा आहे. त्यावर बी.एड.च्या पुस्तकात जे लिहिलेले असते ते आम्ही शिक्षकांनी परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. तेव्हा त्या वाटेने मी जात नाही. गेल्या वर्षी नववीतल्या एका विद्यार्थ्याने आपल्या वहीत दीड पान लिहिले, त्या दीड पानाबद्दल मी बोलणार आहे. त्याची परवानगी घेतलेली आहे. नाव सांगू नका, असे तो म्हणाला. का म्हणाला, ते पुढे येईलच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीची मुले-मुली घेऊन नाशिकला छायाचित्रांचे एक प्रदर्शन पाहायला गेलो. जाण्याआधी पालकांच्या घरोघर जावे लागले. एका पालकांनी विचारले, "मास्तर, फोटो तर आता सगळ्यांच्या मोबाईलवर आहेत. ते बघायला एसटीनं नाशिकला कशाला न्यायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता. मुलींना परतायला रात्र होईल, ही काळजीही खरी होती. पण तिसऱ्या एका घरी मला सांगण्यात आले, "आज फोटो दाखवाल, उद्या पोरांना तमाशाला न्याल." यावर मात्र मी तिथे थोडा वेळ बसलो. चहाही झाला.

मी त्यांना म्हणालो, चाचा, पेशवाईतले नावाजलेले लावणीकार शाहीर सगनभाऊ मुसलमान शिकलगार होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांच्या आवाजाने मैदाने भरून जात ते शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे महेबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संदेश भंडारे नावाच्या छायाचित्रकाराने तमाशाच्या फडांबरोबर गावोगाव हिंडून त्या लोकांची छायाचित्रे काढली, त्यांचे 'तमाशा : एक रांगडी गंमत' असे पुस्तक झाले. ते पाहिले की फडातली माणसे आपल्यासारखीच पोटामागे फिरणारी आहेत हे कळते. चाचा सगळे ऐकून म्हणाले, "ते सगळं बरोबर, पण पोरगी सातच्या आत घरी पाहिजे." मुलगी आली. सातच्या आत काही पोचली नाही, त्याबद्दल मी या सभेत त्यांची पुन्हा माफी मागतो.

जाताना त्र्यंबकेश्वर लागले तेव्हा मुलांना सांगितले की दादासाहेब फाळके इथले. 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी त्यांचा जन्म झाला. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढणारे फाळके सर्वांना माहीत असतात. त्याआधीचे फाळके फोटोग्राफर होते, आणि बडोद्यास त्यांचा तो धंदा नीट चालला नाही. कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी समजूत तिथे पसरली होती. पुढे त्यांनी जादूचे प्रयोगही केले, आणि त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले. हे ऐकल्यावर नाशिक येईपर्यंत अख्ख्या एसटीत एकमेकांची आडनावे उलटी करण्याचा कार्यक्रम चालला. वाहकाचेही आडनाव उलटे झाले. तो हसला, म्हणून निभावले.

प्रदर्शन चांगले होते, हे मी आधीच सांगतो. ग्रामीण जीवनावरची तीस-चाळीस मोठी छायाचित्रे काचेच्या चौकटीत लावलेली. मुले सुरुवातीला कुजबुजत, एकमेकांना ढकलत होती. मग एका चित्रापुढे आमचा हा विद्यार्थी उभा राहिला, तो हलेना. चित्र रात्रीचे होते. बोहाड्याचे सोंग, टेंभ्याचा उजेड, मुखवटा अर्धा लाल, अर्धा काळोखात, आणि एक पाय उचललेला. चित्राखाली पाटी होती, 'आदिवासी नर्तक, नाशिक जिल्हा'.

तो मला म्हणाला, "सर, हे माझे मामा आहेत."

मी म्हणालो, मुखवटा घातलेला आहे, तुला कसे कळले? तो म्हणाला, "पाय मामांचा आहे. आणि हे सोंग आमच्या मामांच्याच घरात असतं."

ज्यांनी बोहाडा पाहिलेला नाही अशा पाहुण्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या हरसूल, पेठ, सुरगाणा भागात आणि घाटाखाली मोखाडा-जव्हारकडे होळीनंतर, चैत्र-वैशाखात हा उत्सव होतो. कुणी त्याला भोवाडा म्हणतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून देवदेवतांची, रामायण-महाभारतातली सोंगे सांबळ आणि सनईच्या तालावर नाचत निघतात. आधी गणपती, सरस्वती. मग एकामागून एक बाकीची. आणि शेवटच्या रात्री, उजाडण्याच्या सुमारास, देवी आणि महिषासुर यांचे युद्ध. काही मुखवटे इतके जड असतात की आतल्या माणसाच्या मानेचा विचार करून आपलीच मान दुखते. अनेक गावांत एकेक सोंग एकेका घराकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असते. म्हणजे चेहरा झाकलेला असला तरी आत कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. नाशिकच्या त्या दालनात गोष्ट नेमकी उलटी झाली होती. सोंगाचा रंग न् रंग दिसत होता, आणि आतला माणूस कुणालाच ठाऊक नव्हता.

दाराशी अभिप्रायाची वही होती. आमच्या विद्यार्थ्याला त्यात मामांचे नाव आणि पाडा लिहायचा होता. मी त्याला अडवले. हे मी आज मुद्दाम सांगतो आहे. मला वाटले, शहराचे लोक काय म्हणतील, आयोजकांना तक्रार वाटेल, शाळेचे नाव खराब होईल. मी म्हणालो, 'प्रदर्शन सुंदर आहे' असे लिही आणि खाली शाळेचे नाव घाल. त्याने तसे लिहिले. परतीच्या प्रवासात तो खिडकीपाशी बसून होता, माझ्याशी बोलला नाही. त्याची आडनावे उलटी करण्याची हौसही संपली होती.

दुसऱ्या दिवशी मी सर्वांना पाहिलेल्या प्रदर्शनावर लिहायला सांगितले. बहुतेकांनी आम्हा शिक्षकांना आवडते तसे लिहिले. या मुलाने दीड पान लिहिले, आणि त्यात मला टोचणारी वाक्ये होती. फोटोत मामांचा पाय वर आहे, तो खाली येतच नाही. पाड्यावर तो खाली येतो तेव्हा सांबळावर ठोका पडतो. फोटो बघणाऱ्या बाईंनी विचारले, हा कुठला नाच? मामांना नाव असून त्यांना कुणी सांगितले नाही. मी सांगणार होतो. एवढेच लिहून पुढे एक ओळ खोडलेली होती. खोडलेल्या ओळीत 'सर' हा शब्द मला वाचता आला.

मग मी पुढचे दोन तास अभ्यासक्रम बाजूला ठेवून छायाचित्रणावर बोललो. त्यांना सांगितले की 1838 साली पॅरिसमध्ये दागेर यांनी खिडकीतून एका वाहत्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्या वेळी चित्र उमटायला काही मिनिटे लागत. त्यामुळे चालणारी माणसे, धावणाऱ्या घोडागाड्या यांपैकी काहीच त्यात उतरले नाही. रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिला होता, तो आणि पॉलिश करणारा तेवढे उमटले. छायाचित्रात सापडलेल्या अगदी पहिल्या माणसांत त्यांची गणना होते. दोघांचीही नावे कुणाला ठाऊक नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या काळाजवळचे. 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, तंबूत भरणाऱ्या शाळेत, स्टीव्ह मॅकरी या अमेरिकन छायाचित्रकाराने एका अफगाण मुलीचा फोटो काढला. हिरव्या डोळ्यांची ती मुलगी जून 1985 च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आली आणि जगभर घराघरांत पोचली. तिचे नाव शरबत गुला, हे जगाला कळायला 2002 साल उजाडले. सतरा वर्षे ती नुसती 'अफगाण मुलगी' होती. शाळेत काढलेला फोटो, आणि नाव नाही! हजेरीपट हाती घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार लागते.

माझ्या वर्गातली बाजारपेठेतली मुसलमान मुले आणि पाड्यांवरची कोकणा, महादेव कोळी, वारली मुले त्या तासाला सारखीच गप्प होती. मग एका मुलीने विचारले, "सर, 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम करणाऱ्या बाईचं नाव तरी माहीत आहे का?" मी म्हणालो, माहीत आहे, आणि ती बाई नव्हतीच, उपाहारगृहात काम करणारे साळुंके होते ते. नाव छापले गेले म्हणून शंभर वर्षांनंतरही हरसूलच्या वर्गात निघाले. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत राबल्या, त्यांचे नाव मात्र आपल्याला शोधून काढावे लागते.

पुढे होळीनंतर त्या विद्यार्थ्याच्या मामांच्या पाड्यावर बोहाडा होता, तेव्हा आम्ही आठ-दहा जण गेलो. चाचांचा मुलगाही होता, हे त्यांना आता कळते आहे. मी विद्यार्थी असताना नाशिकच्या कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेतून नाटके पाहिली आहेत. एकदा कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि रंगमंचावरचा नट बोलायचा थांबला. सगळे सभागृह त्या एका माणसाकडे वळून पाहू लागले. तेव्हा मला कळले की प्रयोग ही दोन्ही बाजूंनी सांभाळायची वस्तू आहे. फोटो आपल्या गोंगाटाने बिघडत नाही, प्रयोग बिघडतो. पाड्यावर मात्र गोंगाट हाच प्रयोगाचा भाग होता. पोरे सोंगाच्या अंगावर धावून जात होती, म्हाताऱ्या बाया नाव घेऊन ओरडत होत्या, "नीट नाच, तुझा बा असा नाचत नव्हता!" सोंग देवाचे होते, पण बोलणी आतल्या माणसाला बसत होती. तीस-चाळीस मोबाईल वर धरलेले होते. आमच्या मुलांनी आपले खिशातच ठेवले. मी सांगितले नव्हते.

पहाटे मामा मुखवटा उतरवून बसले. कपाळावर वळ उठलेला. मी त्यांना प्रदर्शनाची हकीकत सांगितली, त्यांचे नाव लिहू दिले नाही याबद्दल मी दिलगीर आहे म्हणालो, आणि शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्या नावासकट लिहीन असेही म्हणालो. माझी समजूत होती की त्यांना बरे वाटेल. ते म्हणाले, "गुरुजी, माझं नाव कशाला? सोंग घराचं आहे. माझ्या आधी बापानं नाचवलं, माझ्या मागं पोरगा नाचवील. एकट्या माझं नाव घातलं तर भावकीत वाद व्हायचा. लिहायचंच तर पाड्याला विचारून लिहा." मी गप्प झालो. भाचाही गप्प झाला; म्हणूनच आज तो म्हणतो, माझेही नाव नको, लगेच मामा ओळखू येतील.

थोड्या वेळाने मामाच म्हणाले, "नावाचं राहू द्या. त्या फोटोवाल्यानं फोटो देतो म्हटलं होतं. दोन रात्री आमच्याकडं जेवला. तीन वर्षं झाली."

मला वाटत होते की प्रश्न नावाचा आहे. भाच्यालाही तसेच वाटत होते. मामांचा प्रश्न दिलेल्या शब्दाचा होता, आणि घरात दाखवायला एक कागद हवा एवढाच होता. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. पाटीवर नाव घालायचे की घराण्याचे, की पाड्याचे, हे चित्रातल्या माणसाने ठरवावे. पण त्यासाठी त्याला विचारावे तर लागते. 'आदिवासी नर्तक' ही पाटी कुणालाच न विचारता लिहिता येते, तेच तिचे दुखणे आहे.

या वर्षी स्नेहसंमेलनाचे फोटो आमच्या मुलांनीच काढले. त्यासाठी एक जाड वही घातली आहे. प्रत्येक फोटोपुढे तीन रकाने : कोण आहे, नाव लिहू का असे विचारले का, आणि प्रत पोचली का. तिसऱ्या रकान्यात अजून बऱ्याच जागा कोऱ्या आहेत. पालकांनी जाताना बाहेरच्या टेबलावर चौकशी करावी. आमच्या विद्यार्थ्याने त्या छायाचित्रकारांना एक पत्रही लिहिले आहे. मजकूर त्याचाच, मी फक्त शुद्धलेखन तपासले. त्यात तक्रार नाही. मामांचा पाय वर आहे तो फोटो पाठवावा, पत्ता शाळेचा, एवढेच आहे.

दोन महिने झाले. टपाल आले की तो कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहतो.