भयाच्या काळातील श्रद्धा

(ट्रस्टच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, टेंभी नाका, ठाणे येथे रुग्णभेट स्वयंसेवक गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विश्वस्त मंडळाने आज आम्हाला जो विषय दिला आहे तो आमच्या रोजच्या कामातूनच पुढे आलेला आहे. रुग्णांना भेटण्यासाठी आम्ही जेव्हा वॉर्डात जातो तेव्हा आमच्या ख्रिस्ती बांधवांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. रुग्ण स्वतः तो क्वचितच विचारतात. बहुधा बाहेरच्या बाकावर रात्र काढणारे नातेवाईक विचारतात. "आमची प्रार्थना कुठे कमी पडली का?" असे त्या प्रश्नाचे शब्द असतात. तपासणीचा अहवाल यायचा असतो, शस्त्रक्रियेच्या खर्चाची जुळणी व्हायची असते, डॉक्टर उद्या सांगतो म्हणालेले असतात. अशा वेळी मनात शिरलेली भीती हीच आपल्या श्रद्धेची कमतरता आहे, अशी समजूत माणूस करून घेतो. आजाराच्या ओझ्यावर अपराधीपणाचे आणखी एक ओझे चढते.

ही समजूत चुकीची आहे, हे आम्हाला आज नम्रपणे परंतु स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

शुभवर्तमानातील गेथशेमाने बागेचा प्रसंग आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. अटकेच्या रात्री प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला. समोरचे दुःख टळावे अशी त्याने पित्याला विनवणी केली आणि मित्रांनी आपल्यासोबत जागे राहावे अशी अपेक्षा केली. ते मित्र झोपी गेले. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्यालाच भय वाटले असेल, तर रुग्णशय्येवरील माणसाला भय वाटणे हे पाप कसे ठरेल? स्तोत्रसंहितेतही स्तुतीच्या शेजारी तक्रार आहे, आक्रोश आहे, देव दूर गेल्याची खंत आहे. आपल्या पूर्वजांनी ती स्तोत्रे गाळून टाकली नाहीत, उपासनेत ठेवली. भय आणि श्रद्धा एकाच अंतःकरणात एकत्र राहू शकतात, हा त्याचा अर्थ आहे.

मग श्रद्धा टिकवणे म्हणजे नेमके काय? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या ठाणे-कल्याण परिसराचा इतिहासच ते देतो.

या परिसरातील ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीजांच्याही पुष्कळ आधीची आहे. सहाव्या शतकातील कॉस्मास या ग्रीक व्यापारी प्रवाशाने 'कल्लियाना' येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे चौदाव्या शतकात ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यात आला, तेव्हा येथे नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे त्याने लिहिले. संख्येने लहान, सत्तेपासून दूर असा हा समाज होता.

या पंधरा घरांपैकी एका घरात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन पाहुणे उतरले होते. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रिओस अशी त्यांची नावे. ते निघाले होते चीनकडे. सागरी प्रवासाने त्यांना ठाण्यास आणले. ओदोरिकच्या वृत्तांतानुसार त्या घरातील पतीने पत्नीला मारहाण केली, ती दाद मागण्यासाठी न्यायाधीशाकडे गेली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांना बोलावणे आले. तेथे चौकशीचा रोख त्यांच्या धर्माकडे वळला. अखेर एप्रिल १३२१ मध्ये स्थानिक अधिकाऱ्यांच्या हुकमाने चौघांनाही ठार करण्यात आले. ही घटना आम्ही कोणत्याही समाजाविषयी कटुता वाढावी म्हणून सांगत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या सत्ताधाऱ्यांचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडून मागणे हे ख्रिस्ती शिकवणुकीला धरून नाही.

आम्हाला लक्ष वेधावयाचे आहे ते पाचव्या माणसाकडे. त्यांच्यासमवेत आलेला जॉर्डन हा डॉमिनिकन धर्मगुरू त्या दिवसांत गुजरातच्या बाजूस गेलेला होता, म्हणून तो वाचला. बातमी कळल्यावर त्याला तेथूनच निघून जाता आले असते. परंतु त्याने आपल्या सोबत्यांचे देह मिळवून सोपाऱ्यास दफन केले आणि तो याच मुलखात राहिला. त्याने पर्शियातील आपल्या धर्मबंधूंना लिहिलेली दोन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांपैकी दुसरे पत्र या आपल्या ठाण्यातून लिहिलेले आहे. त्यात शौर्याचा डौल नाही. आपण एकटे पडलो आहोत, आजारी पडलो, छळ सोसला, सोबत्यांची उणीव जाणवते, असे तो मोकळेपणी लिहितो. आपल्या पत्रांतून तो ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान बाप्तिस्मा दिलेल्या माणसांची संख्याही कळवतो आणि आणखी धर्मबंधू पाठवावेत अशी विनंती करतो. पुढे १३२९ साली त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली.

मित्रहो, या पत्रातून आम्ही एक गोष्ट शिकलो. जॉर्डनची भीती संपलेली नव्हती, त्याचे एकटेपणही संपलेले नव्हते. तरीही मृतांना मूठमाती देणे, गावोगाव लोकांना भेटणे आणि मदत मागणे ही तीन कामे त्याने थांबवली नाहीत. श्रद्धा ही त्याच्या मनःस्थितीत शोधली तर कदाचित डळमळताना दिसेल. त्याच्या दिनक्रमात शोधली तर ती भक्कमपणे उभी दिसते.

पुढच्या काळातही हेच घडले. १७३७ साली ठाण्याचा किल्ला आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली. पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय धर्मगुरूही निघून गेले. मागे राहिलेल्या शेतकरी, कोळी व कारागीर कुटुंबांसमोर भवितव्य अनिश्चित होते. वसईच्या तहात राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मुभा दिली गेली, ही चिमाजी आप्पांच्या बाजूची उदारता कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे. परंतु कागदावरची मुभा जिवंत ठेवण्याचे काम घरोघरी करावे लागले. स्थानिक व गोव्याकडील धर्मगुरूंनी आणि घराघरांतील आल्तारासमोर संध्याकाळची माळेची प्रार्थना चालू ठेवणाऱ्या आयाबहिणींनी ते केले. १७६० साली फ्रेंच प्रवासी आंक्तील द्यु पेराँ साष्टीत आला, तेव्हा त्याला येथे नांदती ख्रिस्ती वस्ती आणि उघडपणे चालणारी उपासना पाहावयास मिळाली. येथून जवळच असलेल्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चचा धर्मग्राम आजही या सातत्याची साक्ष देतो.

रुग्णालयाच्या व्यासपीठावरून बोलताना साथीच्या रोगांचा उल्लेख टाळता येणार नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ होते. पुढच्याच वर्षी जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच काळात वांद्रे व मुंबईच्या इतर वस्त्यांमध्ये लोकांनी जागोजागी क्रूस उभारले आणि तेथे सामुदायिक प्रार्थना केल्या. त्यांपैकी अनेक क्रूस आजही उभे आहेत. रस्त्यातला क्रूस आणि दंडावरची लस ही परस्परविरोधी आहेत असे मानण्याचे कारण नाही. प्रार्थना करतो म्हणून औषध नको, असे जे म्हणतात ते श्रद्धेची नव्हे तर पैज लावण्याची भाषा बोलतात. निदान करणाऱ्या डॉक्टरची बुद्धी हेही देवाचेच दान आहे, असे आम्ही मानतो.

त्याच वर्षांत महाराष्ट्रातील एका स्त्रीने भयाला सामोरे जाण्याचा जो मार्ग दाखवला तो विशेष मननीय आहे. पंडिता रमाबाई यांनी तरुणपणी दुष्काळाची झळ प्रत्यक्ष सोसली होती. १८७४ साली त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला आणि १८८२ साली पतीचेही निधन झाले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्याने त्यांच्या मनातील प्रश्न मिटले नाहीत. धर्ममतांविषयी त्या आपल्या गुरुजनांशी स्पष्टपणे वाद घालीत. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला खऱ्या अर्थाने ख्रिस्त भेटला, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात प्रांजळपणे नमूद केले आहे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा याच रमाबाई तेथील छावण्यांमध्ये गेल्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. म्हणूनच त्या गेल्या. शेकडो निराधार मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध कडक होताच त्यांनी या मुलींची व्यवस्था केडगाव येथील आपल्या जमिनीवर केली आणि तेथेच मुक्ती मिशन आकारास आले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या ठिकाणी आपण सर्वाधिक भ्यालो होतो त्याच ठिकाणी दुसऱ्याचा हात धरण्यासाठी परत जाणे, ही श्रद्धेची कसोटी रमाबाईंनी आपल्यापुढे ठेवली आहे.

आपल्या पिढीची कसोटी २०२० साली आली. मार्च अखेरीस टाळेबंदी सुरू झाली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण चर्चची दारे बंद असताना घरातच साजरा करावा लागला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुढील वर्षी दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. आम्हा स्वयंसेवकांना वॉर्डात प्रवेश नव्हता. अंतिम संस्कारासाठी धर्मगुरूंना रुग्णाजवळ जाता येत नव्हते. काही ख्रिस्ती कुटुंबांना दफनाऐवजी दहन स्वीकारावे लागले. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनास अनुमती दिलेली आहे, हे ठाऊक असूनही अनेकांच्या मनाला ते फार लागले.

त्या दिवसांत रुग्णाच्या उशाशी कोण होते? अंगभर संरक्षक पोशाख घालून परिचारिका होत्या, वॉर्डबॉय होते, सफाई कर्मचारी होते, निवासी डॉक्टर होते. त्यांतील बहुतेक जण आमच्या धर्माचे नव्हते. रुग्णाच्या कानाशी फोन धरून घरच्यांची प्रार्थना त्यांनीच ऐकवली. त्यांनाही घरी लहान मुले होती, त्यांनाही भीती वाटत होती. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यात जखमी वाटसरूची शुश्रूषा करणारा माणूस परक्या समाजाचाच होता, याची आठवण आम्हाला त्या काळात वारंवार झाली. आजच्या या सभेत त्या सर्वांप्रती आम्ही मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करतो.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. प्रार्थना कमी पडली का? आमचे उत्तर असे की, नाही. प्रार्थना म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे की तो भरला म्हणजे आपत्ती टळलीच पाहिजे. आमच्यासाठी पुष्कळांनी प्रार्थना केली आणि तरीही आमची माणसे गेली. ज्यांची वाचली त्यांची श्रद्धा अधिक होती, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. क्रूसावर खिळलेला प्रभूच जेथे पूजनीय आहे, तेथे दुःख ही देवाच्या नाराजीची खूण मानताच येणार नाही.

यातून आमच्या रुग्णभेटीच्या कामासाठी आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. रुग्णाला "घाबरू नका" असे आम्ही सांगणार नाही. "आम्ही येथे बसलो आहोत" असे सांगू. आजार ही शिक्षा आहे असे कोणी म्हणाल्यास ते नम्रपणे खोडून काढू. डॉक्टरांचा सल्ला आणि प्रार्थना यांत निवड करावयास कोणालाही भाग पाडणार नाही. रुग्ण ज्या धर्माचा असेल त्या धर्माची प्रार्थना त्याला शांतपणे करता यावी यासाठी साहाय्य करू, आणि आपला धर्म कोणाच्या आजारपणाचा फायदा घेऊन पुढे करणार नाही. ज्याला त्या दिवशी प्रार्थना करवत नाही, त्याच्या वाट्याची प्रार्थना आम्ही करू. आणि रुग्ण दगावल्यावर त्याच्या घराकडे पाठ फिरवणार नाही, कारण खरी भीती बहुधा महिनाभराने, भेटीला येणारी माणसे संपल्यावर सुरू होते.

हे काम माणसांच्या बळावर चालते. आठवड्यातून दोन तास देऊ शकणाऱ्या कोणत्याही धर्माच्या बंधुभगिनींचे आमच्या गटात स्वागत आहे. गेथशेमानेच्या बागेत प्रभूने मित्रांकडे मागितले होते ते एवढेच की, त्यांनी सोबत जागे राहावे. आपल्या रुग्णालयाच्या बाकांवर आज रात्रीही कोणीतरी जागे असणार आहे. त्यांच्या सोबतीला आपण असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपले मनोगत संपवितो.