“अमुक तारखेपासून”



आपल्या छत्रपती संभाजीनगरला छावणी आहे, आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून फौजेत जाणारेही पुष्कळ. असा मनुष्य पंधरा-वीस वर्षांनी घरी येतो तेव्हा पुष्कळदा गुडघा किंवा कंबर तिकडेच घालवून येतो. पाठीवरचे ओझे, डोंगराची चढण, बर्फातला पहारा! सांधा झिजतो तो काही एका दिवसात नव्हे. सरकारी कागदाला मात्र दिवस लागतो. आज बोलायचे आहे ते त्या दिवसाविषयी.

अपंगत्वाच्या पेन्शनचा हुकूम हाती आला म्हणजे लोक दोन गोष्टी पाहतात. दुखणे सेवेमुळे झाले वा सेवेने वाढले हे मान्य केले काय, आणि टक्के किती दिले. वीस टक्क्यांची अट तर सर्वांना पाठच असते. परंतु त्याच हुकमात “अमुक तारखेपासून” असे शब्द असतात, ते फारसे कोणी वाचीत नाही. वास्तविक थकबाकीचा सारा हिशेब तेथूनच सुरू होतो.

एका जवानाचीच हकीगत पाहा. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो वैद्यकीय कारणावरून सैन्यातून मुक्त झाला आणि उच्च न्यायालयात गेला १९९९ साली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. २००८ साली निकाल लागला तो असा की, पेन्शन न देणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाही. थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच. म्हणजे मधली बारा-तेरा वर्षे गेली. कायद्याच्या तराजूत हे बरोबर असेल. माझ्या मनाला ते अजून पटत नाही. दुखणारा गुडघा काही तीनच वर्षे दुखत नव्हता.

२०१३ सालचा निवाडा जवानाला अधिक आधार देणारा आहे. तो दावा सांध्याचा नव्हे, फेफऱ्याचा होता. पण भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल तर ते सेवेतूनच आले असे धरावे आणि संशयाचा फायदा जवानाला द्यावा, हे तत्त्व सांध्यालाही लागू पडते. २१ सप्टेंबर २०२३ नंतर मुक्त झालेल्यांना नवे नियम आहेत. त्यांनी ते वेगळे वाचावेत.

टक्के मान्य असतील आणि तारीख तेवढी चुकली असेल, तर तारखेपुरतेच अपील करता येते. मिळालेले पेन्शन घेत राहावे आणि भांडावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहिण्यास मदत मिळते. खात्याचे अंतिम उत्तर विरुद्ध गेले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबईचे खंडपीठ आहे. तेथे जाण्याची मुदत त्या उत्तरापासून सहा महिन्यांची. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो.

सोबत काय जोडावे? मुक्ततेच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल, लष्करी इस्पितळाचे कागद आणि पहिल्या अर्जाची टपालाची पावती. ही पावती क्षुल्लक वाटते; पण आपण केव्हापासून मागत आहोत, हे तीच दाखविते. जवान हयात नसेल तर त्याची थकबाकी वारसांना मागता येते. तेव्हा घरात त्यांची लोखंडी पेटी असेल तर ती मोडीत घालण्यापूर्वी तळापर्यंत उपसून पाहा.