बिळातून महासागराकडे



मँक्स शिअरवॉटर हा पारव्याएवढा समुद्रपक्षी. ब्रिटनच्या बेटांवर, जमिनीतल्या बिळात, त्याची मादी वर्षाला एकच अंडे घालते. हिवाळा हे पक्षी अर्जेंटिनाजवळच्या समुद्रात काढतात. आईबाप आधी निघून जातात. पिल्लू मागाहून, रात्री, एकट्याने तीच वाट धरते. १९५२ साली वेल्सच्या बेटावरून बोस्टनला नेऊन सोडलेला पक्षी साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परतला!

महासागर जिंकणारा हा जीव लंडी बेटावर मात्र जहाजांतून आलेल्या उंदरांपुढे हरला. ते अंडी, पिल्ले खात. २००२ पासून मोहीम काढून उंदीर नाहीसे केले. शेकड्यांनी उरलेल्या जोड्या आज हजारोंनी आहेत.

मी कामगारांत वावरणारा माणूस. मला एवढेच दिसते : कष्टात तो कधीच कमी पडला नव्हता, उणीव होती ती निर्धास्त घराची.