रक्ताची गुठळी आणि वेळेचे भान



मौद्याच्या शिवारात धान कापताना विळा बोटाला लागला, तर थोड्याच वेळात रक्त थांबते. निसर्गाने शरीराला दिलेली ही संरक्षक व्यवस्था होय. परंतु तेच रक्त रक्तवाहिनीत अकारण गोठले, तर हृदयविकार, पक्षाघात अथवा फुप्फुसातील अडथळा यांसारखे प्राणसंकट ओढवते.

यावरील औषधांचे तीन वर्ग आहेत. अ‍ॅस्पिरिन रक्तातील बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, एकमेकींना चिकटू देत नाही. हेपारिन व वॉरफरिन गुठळी वाढू देत नाहीत. असलेली गुठळी शरीरच हळूहळू विरघळविते. स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज ही औषधे मात्र रक्तातील प्लाझ्मिनोजेन जागृत करून गुठळीचे तंतू तोडतात.

वॉरफरिनचा इतिहास गोपालकांना उद्बोधक वाटेल. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातील द्रव्य शोधले. त्यावरून सिद्ध झालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून विक्रीस आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यास ते अडथळा आणते. म्हणून ते घेणाऱ्याने पालेभाज्यांचे प्रमाण नियमित ठेवावे, रक्ततपासणी चुकवू नये आणि सांधेदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. तसेच, बरे वाटते म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक.

गुठळी विरघळविण्याचे औषध वेळेशी बांधलेले आहे. पक्षाघातात ते सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. रक्तस्राव असताना हेच औषध प्राण घेईल. म्हणूनच तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये, अ‍ॅस्पिरिनही स्वतः देऊ नये. लक्षणे सुरू झाल्याची वेळ टिपून घ्यावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. छातीत दाटून कळ आली, तरी अशीच त्वरा हवी.

नागपूरकडे जाणारा महामार्ग मौद्यातूनच जातो. रस्ता आहे, औषधही आहे. उंबरठ्यावर वाया जाणारा पहिला तास वाचविणे हे गावाच्या हाती आहे. ग्रामसभेत आणि शाळेच्या फळ्यावर १०८ हा आकडा व ही लक्षणे लिहिली गेली, तर एखाद्या घरचा कर्ता माणूस पुन्हा शेतावर उभा राहील.