पुनर्भेटीला लागणारे घर

मराठी रंगभूमीवर स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाचा विचार करताना विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’पासून सुरुवात करावी लागते. १९८१ साली रंगमंचावर आलेल्या आणि रोहिणी हट्टंगडी यांनी नायिका मित्रा हिची भूमिका केलेल्या या नाटकाला स्वातंत्र्यपूर्व काळातील पुण्याच्या महाविद्यालयीन जीवनाची पार्श्वभूमी आहे; सुमित्रा ऊर्फ मित्रा हिचे नमा या मुलीवर प्रेम जडते, ती कहाणी तिचा मित्र बापू सांगतो आणि मित्राच्या आत्महत्येपाशी ती थांबते. तेंडुलकरांच्याच कथेवर रवी जाधव यांनी केलेला ‘मित्रा’ हा लघुपट २०१५ साली ‘बायोस्कोप’ या लघुपटसंग्रहातून प्रेक्षकांपुढे आला, म्हणजे कथेकडे मराठी कलावंत पुन्हा वळले. तथापि ताटातूट झालेल्या दोघी मधली वर्षे सोसून पुन्हा एकमेकींसमोर उभ्या राहतात, अशी पुनर्भेटीची प्रेमकथा मराठीत अजून रुजलेली नाही.

ती लिहायची झाल्यास नांदेड-लातूरचा परिसर तिला अनुकूल आहे. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी उदगीर, निलंगा, मुखेड, देगलूर अशा गावांतून आलेल्या मुली एका खोलीत राहतात, एका डब्यात जेवतात, पहाटे एकमेकींना अभ्यासाला उठवतात. या सहवासात जडलेल्या नात्याला घरी ‘मैत्रीण’ एवढेच नाव असते आणि त्या नावाखाली ते बिनबोभाट वाढते. संशय आला की स्थळे पाहण्याची घाई सुरू होते. आईला आणि चुलतीला सारे उमगलेले असते, परंतु कारण कुणी उच्चारत नाही. पुढे नागपंचमीला माहेरी आलेल्या दोघी झाडाच्या फांदीला बांधलेल्या एकाच झोक्यावर समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात, तेव्हा पाहणाऱ्यांना त्यात काहीच वावगे वाटत नाही. बायकाबायकांच्या सलगीला समाज एवढी मोकळीक देतो, कारण तिच्यातून संसार उभा राहू शकेल असे त्याला वाटतच नाही. ही मोकळीक खरी आहे आणि क्रूरही आहे.

पुनर्भेट झाली तरी राहायचे कुठे, हा प्रश्न भावनेपेक्षा सातबाऱ्याशी अधिक निगडित आहे. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका वाटा असणारी व्यक्ती, ठरवले. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, आणि ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही. कायद्याने दिलेला वाटा हक्कसोडपत्राने, म्हणजे बहिणीने भावाच्या बाजूने आपला हिस्सा सोडल्याच्या नोंदणीकृत दस्ताने, परत घेतला जातो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, साडीचोळी घेऊन निघते आणि त्या सहीबरोबर सासर सोडून परतण्याचा मार्गही बंद होतो. घरातील गुपिताचा धाक अशा वेळी उपयोगी पडतो, कारण ज्या मुलीचे नाते ठाऊक आहे तिच्याकडून सही घेणे सोपे जाते. पुनर्भेटीच्या कादंबरीकाराने प्रेमपत्रांइतकेच हे दस्तही बारकाईने वाचले पाहिजेत.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला, तो मोलाचाच आहे. परंतु मुलीला खोलीत कोंडणाऱ्या घराला असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची गरज कधीच भासली नव्हती. तिच्या दृष्टीने अधिक जवळचा उपाय म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरण, अर्थात कोंडून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश. केरळ उच्च न्यायालयाने ३१ मे २०२२ रोजी घरच्यांनी वेगळ्या केलेल्या दोन तरुणींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली, आणि ११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी कोंडलेल्या व्यक्तीशी कुटुंबीयांच्या अनुपस्थितीत बोलावे, समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलण्याचा प्रयत्न करू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. समलिंगी विवाहाला मात्र सर्वोच्च न्यायालयाच्याच १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्यता मिळाली नाही, त्यामुळे एकत्र राहणाऱ्या दोघींपैकी एक दगावली आणि मृत्युपत्र केलेले नसले, तर तिच्या नावचे घर तिच्या कायदेशीर वारसांकडे जाते, आणि त्या वारसांत तिच्या जोडीदारणीचे नाव नसते.